तेजलचे बारा फोटो

वडशाच्या खुशाल फोटोवाल्याकडे बुधवारी सकाळी निकाल आला आणि तो पाहून गिरिजाबाई नाकाडे आधी खूश झाल्या.

पडद्यावर त्यांच्या नातीचे, तेजलचे, बारा फोटो ओळीनं उभे होते. डोकं आणि खांदे, तेवढेच. खाली लाल पट्टी होती: नोंद नाकारली. जुळणी ब्याऐंशी टक्के. मूळ धारक, गिरिजाबाई नाकाडे, वडसा.

"पाह्य," गिरिजाबाई म्हणाल्या, "यंत्रालेही कळते नात कोणाची आहे ते."

"बाई, कौतुक नाही करून राहिलं ते," खुशाल म्हणाला. "नकार दिला त्यानं."

"नकार? ह्या चेहऱ्याले?"

"ह्या चेहऱ्यालेच. हा चेहरा तुमच्या नावावर आहे म्हणते."

तेजल स्टुलावरच बसून होती. एकवीस वर्षांची पोरगी, केस मागं घट्ट बांधलेले, तोंडाला पावडरचा कण नाही. तिनं डाव्या भुवईखालून पडद्याकडे असं काही पाहिलं की खुशालला पुढचं सांगायची गरजच उरली नाही. तो कटाक्ष पन्नास वर्षांच्या नाटकांतून वडशाभोवतीच्या सगळ्या झाडीपट्टीला पाठ होता. तो गिरिजाबाईंचा होता.

त्या काळापर्यंत ऑडिशन नावाचा प्रकार संपला होता. पोरं मुंबईला जाऊन रांगेत उभी राहत नसत. त्यांचे बारा फोटो जात.

माणसाच्या चेहऱ्यात चाळीसेक स्नायू असतात. हसू आलं की ते सगळे एकदम हलत नाहीत. कोणाची आधी डोळ्याची कड आवळते आणि मग ओठ सुटतो, कोणाचा ओठ आधी. पाठमोरा माणूस जसा दुरून चालण्यावरून ओळखू येतो, तसा चेहराही त्याच्या हलण्याच्या क्रमावरून ओळखता येतो. शास्त्रज्ञांनी त्याला मुखचाल असं नाव दिलं. घडीतलं लुगडं उलगडलं की चुण्यांवरून घरातल्या बाईला कळतं ते कुणी आणि कसं दुमडलं होतं. तसंच यंत्राला कातडीवरच्या केसाएवढ्या घड्यांवरून कळायचं की आधी काय ओढलं गेलं, किती जोरानं आणि मागून काय आलं. राग, रडू, हसू अशा बारा भावांचे बारा साधे फोटो दिले की यंत्र त्या चेहऱ्याला कुठलाही प्रवेश करायला लावू शके. निर्माता घरी चहा पीत एकाच प्रवेशात दोनशे चेहरे पाहून घेई आणि पसंत पडेल त्याला बोलावणं धाडी. म्हणजे नटाचं सगळं नशीब त्या बारा फोटोंत आलं. फोटो चुकले की माणूस गेला.

मग चेहरे चोरून खोटे नट उभे करणारे निघाले. त्यांच्यासाठी कायदा आला: एक मुखचाल, एक मालक. साठ टक्क्यांवर जुळलं की दुसऱ्याची नोंद होणार नाही. तीन खेपा मिळतील, तिसरीही फसली तर पाच वर्षं दार बंद. कायदा चोरांसाठी होता. त्यात नातवंडं सापडतील हे तो करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना आज्या नसाव्यात.

गिरिजाबाईंची नोंद आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा गुडघे गेले होते, रंगमंचाची पायरी चढवत नव्हती. मुंबईची माणसं घरी आली, बारा फोटो काढून घेऊन गेली. तेव्हापासून गिरिजाबाई खाटेवर बसून तीन मालिकांत खाष्ट सासू होत्या, एकीत मंत्र्याची आई, आणि एका सिनेमात दरोडेखोरांची म्होरकी. त्या स्वतः ते बघत आणि चुका काढत. "इथं मी एवढी लवकर वळली नसती," म्हणत. पण बाजारात पोरं बोट दाखवायची, ते त्यांना आवडे.

आणि तेजलचा चेहरा त्यांनी स्वतः घडवला होता. त्यांच्या नाटक कंपनीत आरशाला बंदी होती. आरशात पाहून केलेला चेहरा करणाऱ्यालाच तेवढा आवडतो, असं त्यांचं म्हणणं. नवं पोर आलं की त्याला समोर बसवायचं, गुडघ्याला गुडघा लावून. बाईंनी राग करायचा, पोरानं तो उचलायचा. बाईंनी रडायचं, पोरानं रडायचं. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटकाला लोक घरून पोती आणून बसतात. "शेवटच्या पोत्यावर बसलेल्या बुढ्याले दिसला पाहिजे चेहरा," हे त्यांचं एकच शास्त्र. बाकीची पोरं दोन-दोन हंगाम समोर बसली. तेजल चार वर्षांची असल्यापासून सतरा वर्षं बसली.

"शनिवारी त्या सिनेमाची यादी बंद होते," खुशाल म्हणाला. मुंबईचा एक दिग्दर्शक सिनेमात मुख्य कामासाठी झाडीतलीच पोरगी शोधत होता, आणि त्याला फक्त नोंदलेले चेहरे चालत होते. सिनेमाचं राहू द्या, वडशाच्या नाटक कंपन्याही आता नोंद नसलेला चेहरा पोस्टरवर छापत नव्हत्या. नोटिशीची भीती. दिवाळी पंधरा दिवसांवर होती आणि तेजलचं नाव एकाही पोस्टरवर नव्हतं.

"दोन खेपा आहेत अजून," गिरिजाबाई म्हणाल्या. "उद्या कायले? आत्ताच काढ. मी सांगते तशी कर वो पोट्टी. रागात मी भुवई चढवते ना? तू पाड. मी रडताना हनुवटी वर नेते, तू खाली घे. सगळं उलटं. मग पाहू कसा नाही म्हणते तो डबा."

दुपारपर्यंत फोटो झाले. लाल पट्टी पुन्हा आली. चौऱ्याहत्तर टक्के.

"बाई," खुशालनं चष्मा पुसत सांगितलं, "भुवई वर गेली का खाली, हे त्याले पाहायचंच नाही. आधी काय हललं, ते पाहते तो. तेजल भुवई पाडायच्या आधी डावा गाल आवळते. तुम्हीही आवळता."

"मी?" गिरिजाबाई कडाडल्या. "मी कधी आवळला गाल?"

आणि त्यांचा डावा गाल आवळला. खुशालनं दिव्याची वायर गुंडाळायला घेतली. तेजल हसली नाही.

रात्री घरी आजी-नात जेवायला बसल्या. तेजलची आई प्रणिता वाढत होती. तिचा नवरा, म्हणजे गिरिजाबाईंचा मुलगा, नाटकांना दिवे पुरवायचा आणि तेव्हा गोंदियाला गेला होता. प्रणिता ब्रह्मपुरीच्या मास्तरांची मुलगी. चोवीस वर्षांपूर्वी ह्या घरात आली, चाळीस माणसांचा स्वयंपाक आणि कंपनीचे कपडे सांभाळू लागली, आणि आल्या वर्षीच गिरिजाबाईंनी तिच्याबद्दल निकाल दिला होता: हिच्या तोंडावर काही उमटतच नाही, धुतलेल्या पाटीसारखं तोंड. तो निकाल त्या पाहुण्यांनाही ऐकवत. पाहुणे हसत. प्रणिता पाणी आणून देई.

"आजी," तेजल ताटाकडे पाहत म्हणाली, "तुझी नोंद काढून घे."

गिरिजाबाईंचा घास थांबला.

"खुशालभाऊनं सांगितलं मले. तू काढून घेतलीस की चाल मोकळी होते. मग माझी होईल."

"आणि माझी कामं?"

"तिथं दुसरा चेहरा बसवतात."

"जुन्या भागांतही?"

"सगळीकडं."

"म्हणजे मले पुसायचं."

"पन्नास वर्षं केलंस तू नाटक. मी अजून एक नाही केलं."

गिरिजाबाई सुनेकडं वळल्या. अडलं की तिच्याकडं वळायचं, ही जुनी सवय. "आणि हिनं? आईनं पोरीले काही स्वतःचं दिलं असतं तर ही वेळ आली असती का? पण देणार काय? असायले तर पाहिजे जवळ."

प्रणितानं लाखोरीच्या वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"भात घेता, आई?" तिनं विचारलं.

गुरुवारी सकाळी गिरिजाबाई एकट्याच रिक्षानं खुशालकडं गेल्या. चांगली साडी नेसून गेल्या. द्यायचंच आहे तर लोकांच्या लक्षात राहील असं द्यावं, हा त्यांचा स्वभाव. खुशालनं पडद्यावर नोंद काढून घ्यायचा अर्ज काढला. अंगठा टेकवला की काम संपणार होतं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "काल-परवा किती फोटो काढलेस तिचे?"

"चारशेच्या वर असतील. सरळ-वाकडे धरून."

"सगळे दाखव. जाता जाता पाहू तर दे मले काय देऊन राहिली ते."

त्या खुर्ची ओढून बसल्या. यंत्राकडे कच्ची तपासणी नव्हती. फोटो टाकला की खेप मोजली जायची. पण ह्या बाबतीत गिरिजाबाईंना यंत्राची गरज नव्हती. स्वतःचा चेहरा त्यांना दुसऱ्याच्या तोंडावर अंधारातही दिसला असता.

"मी," त्या म्हणाल्या. खुशालनं फोटो सरकवला. "मी. ही मीच. ही तर मी जशीच्या तशी, त्या पोलीस पाटलाच्या बायकोच्या कामातली. पुढं. मी. पुढं."

तीनशे फोटो असे गेले. मग एकावर त्या थांबल्या.

"हा काय आहे?"

"तो वाया गेलेला आहे, बाई. उजेड पाहायले काढला होता. तुम्ही तिले केसांवरून बोलून राहिल्या होत्या तेव्हा."

फोटोत तेजलची नजर बोलणाऱ्याच्या तोंडाच्या वीतभर खाली होती. ओठ मिटलेले, पण दाबलेले नव्हते. हनुवटी जागच्या जागी. सगळा चेहरा शांत, आणि त्या शांततेच्या मागं कोणीतरी उभं आहे असं वाटत होतं, दाराला पाठ लावून उभं असावं तसं. गिरिजाबाईंनी गाल पाहिला. डोळ्याची कड पाहिली. पुन्हा पाहिली.

"ह्यात मी नाही," त्या म्हणाल्या.

तसे आणखी दोन सापडले. तिन्ही, गिरिजाबाई ओरडत असतानाचे.

हा चेहरा कुठं पाहिला, हे आठवायला त्यांना जरा वेळ लागला. कारण तो त्यांनी रोज पाहिला होता. चुलीपलीकडं, ताटापलीकडं, दाराच्या चौकटीत. धुतलेली पाटी म्हणून ज्याच्याकडं पुन्हा बघितलं नव्हतं, तोच. पोरीला समोर बसवून त्यांनी सतरा वर्षं शिकवलं, आणि पोरगी पाठीमागून दुसरंही काही शिकत होती, न बसवता.

"अर्ज ठेवू का उघडा?" खुशालनं विचारलं.

"बंद कर."

त्यांना सुटल्यासारखं वाटलं. तेही त्यांच्या लक्षात आलं, आणि आवडलं नाही.

तीन फोटोंनी भागणार नव्हतं, बारा लागत. त्याच दुपारी खुशालनं युक्ती काढली: बाईंनी रागवावं, त्यानं फोटो घ्यावेत. गिरिजाबाई तासभर रागावल्या. रागावण्यात काही कमी ठेवली नाही. पण आता तेजलला माहीत होतं कशासाठी चाललंय. ती ऐकताना भुवईखालून बघायला लागली आणि प्रत्येक फोटोत पुन्हा आजीच येऊन बसली.

मग एकच रस्ता राहिला, आणि तो स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत जात होता. शुक्रवारी दुपारी प्रणिता तिथं शिलाई मशीनवर हंगामाचे कपडे शिवत बसली होती. गिरिजाबाई दारात उभ्या राहिल्या. चोवीस वर्षांत त्यांनी सुनेला कामं पुष्कळ सांगितली होती. मागितलं काही नव्हतं.

"उद्या खुशालकडं येशील का?"

"कोणाचं माप घ्यायचं आहे?"

"माप नाही. तेजलच्या समोर बसायचं आहे तुले. माझ्या जागेवर." आणि त्यांनी फोटोंचं सगळं सांगितलं, जमेल तेवढं थोडक्यात, सुनेऐवजी मशीनच्या चाकाकडं पाहत.

प्रणितानं ऐकून घेतलं. नजर वीतभर खाली. गिरिजाबाईंना ती नजर आता बघवेना.

"मले कुठं ॲक्टिंग येते, आई," ती म्हणाली. "तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"येते तुले. चोवीस वर्षं माझ्यापुढं केलीस, आणि मले कळू दिलं नाहीस. एवढी कोणाच्यानं होत नाही."

मशीनचं चाक थांबलं.

"ॲक्टिंग नव्हती ती."

"मग काय होतं?"

"राग होता," प्रणिता म्हणाली. तिनं दातानं दोरा तोडला आणि झगा उलटा केला. "उद्या किती वाजता निघायचं?"

पन्नास वर्षांत गिरिजाबाई कधी संवाद चुकल्या नव्हत्या. त्या "दहा" एवढं म्हणून वळल्या.

शनिवारी दहाला दोन स्टुलं समोरासमोर मांडली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. एकावर तेजल, एकावर प्रणिता. गिरिजाबाई खुशालच्या मागं खुर्चीत बसल्या. खुशालनं पहिला फोटो घेतला. दुसरा घेतला. तेजलची नजर आईच्या खांद्यावरून सारखी मागं जात होती, बरं झालं की नाही ते विचारायला.

"ह्याच्यात मी आली," गिरिजाबाई मागून म्हणाल्या. "ह्याच्यातही. पोट्टी, आईकडं पाह्य."

प्रणिता मागं वळली.

"आई, तुम्ही बाहेर बसा."

आवाज चढलेला नव्हता. खुशालनं गिरिजाबाईंकडं पाहिलं नाही, कॅमेऱ्यातच डोळा घालून राहिला. तेजल मात्र आईकडं पाहत होती, नवी ओळख होत असताना पाहावं तसं. गिरिजाबाई उठल्या. गुडघे धरून उठावं लागलं, आणि मदतीला कोणी आलं नाही, कारण त्यांनी आजवर कोणाला येऊ दिलं नव्हतं.

बाहेर बाक होता. समोरच्या गल्लीत कंपन्यांच्या कचेऱ्या होत्या, तिथं नवी पोस्टरं चिकटवणं चाललं होतं. गोल चौकटींतून चेहरे, मोठ्या चौकटीत मोठे नट, लहान चौकटीत लहान नट. आतून प्रणिताचा आवाज येत होता. ती तेजलला काहीतरी सांगत होती, एकेक गोष्ट. बारा भाव पाहिजेत तर बारा गोष्टी असणार. शब्द कळत नव्हते. गिरिजाबाईंनी दाराकडं कान केला. ज्यांचा आवाज शेवटच्या पोत्यापर्यंत जायचा त्यांना बंद दारातून एक वाक्य ऐकू येईना. एकदा मायलेकी दोघीही हसल्या. मग नाक ओढल्याचा आवाज. तो कोणाचा हे त्यांना सांगता येईना, आणि तेच खटकलं.

सव्वा वाजता खुशालनं दार उघडलं. "टाकले, बाई. या."

पडद्यावर चाक फिरत होतं. तिसरी खेप. तेजलनं आईचा पदर मुठीत धरला होता, लहान असताना धरायची तसा नाही, फाटेल इतका घट्ट. गिरिजाबाई उभ्याच राहिल्या. बाराही फोटो त्यांनी नजरेखालून घातले. आपण कुठं सापडतो का ते शोधलं. एकदा वाटलं, दहाव्यात सापडलो. नव्हतं.

पट्टी हिरवी झाली. जुळणी एकोणीस टक्के. नोंद मान्य.

खुशालनं टेबलावर थाप मारली. प्रणितानं तेजलच्या मुठीतून पदर सोडवला आणि खांद्यावर नीट घेतला.

"एकच राहिलं," खुशाल म्हणाला. "मुख्य फोटो. निर्माते आधी तोच उघडतात. तो आवडला नाही तर बाकीचे अकरा कोणी पाहत नाही. आणि एकदा ठेवला की पाच वर्षं बदलत नाही." सवयीनं तो गिरिजाबाईंकडं वळला. तीस वर्षांत त्याच्या दुकानातून कुठल्याही नटाचा फोटो त्यांनी मान डोलावल्याशिवाय छापून गेला नव्हता.

गिरिजाबाईंनी पाहिलं. "चौथा ठेव," त्या म्हणाल्या. चौथ्यात तेजलची नजर खाली होती. "चांगला आहे. मर्यादा दिसते."

"सातवा," प्रणिता म्हणाली.

सातव्यात नजर खाली नव्हती. चेहरा तसाच शांत, पण डोळे समोर, बरोबर बोलणाऱ्याच्या डोळ्यांत. खालचा ओठ दातापासून सुटत आला होता. आणखी पाव सेकंद गेला असता तर आवाज निघाला असता.

"ह्याच्यात उलट बोलणार आहे ती," गिरिजाबाई म्हणाल्या.

"हो," प्रणिता म्हणाली.

"असा फोटो कोणी ठेवते का? पाहणाऱ्याले वाटन भांडकुदळ आहे. पोरीचं तोंड कसं पाहिजे की..."

"आजी," तेजल म्हणाली, "सातवा."

खुशालचं बोट बटणावर होतं आणि मान अजून गिरिजाबाईंकडंच वळलेली. त्यांनी सातवा फोटो पुन्हा पाहिला. त्यांना सांगायचं पुष्कळ होतं: उजेडाबद्दल, मानेबद्दल, शेवटच्या पोत्यावरच्या बुढ्याबद्दल. फोटोतली मुलगी त्यांचं बोलणं संपायची वाट पाहत होती.

गिरिजाबाईंनी तोंड मिटलं. खुशालनं बटण दाबलं.